हात पालथा करा

माणसाची ओळख चेहऱ्यावरून होते, हे आमच्या सरांना मान्य नव्हतं. चेहऱ्याला माणूस पावडर लावतो, हसू लावतो, पण हाताच्या पाठीकडे कोणाचं लक्ष नसतं, म्हणून खरं काय ते तिथंच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. चिकलठाण्याच्या मलमांच्या कारखान्यात मी रुजू झाले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. खिशातून भिंग काढलं आणि म्हणाले, "हात पालथा करा."

मी टेबलावर हात ठेवला. ते वाकून बघत राहिले. हाताला बोटसुद्धा लावलं नाही.

"होस्टेलवर राहता. कपडे स्वतः धुता. निळ्या वडीनं. आणि आंघोळीला पाणी कढत घेता."

"व्हय सर," माझ्या तोंडून निघून गेलं.

"अजिंठ्याकडच्या?"

"ते पण हातावरून कळलं?"

"छे, ते बोलण्यावरून," म्हणाले आणि भिंग खिशात टाकून चालू लागले. मी तिथंच उभी. मला वाटलं, या माणसाखाली आपलं निभणं कठीण आहे. पुढं त्यांच्या हाताखाली मी इतकी वर्षं काढली की लोक आम्हाला गुरू-शिष्य म्हणायला लागले. सर आता नाहीत. त्यांच्या खुर्चीवर मी बसते, आणि नवीन कोणी रुजू झालं की माझी नजर आधी हातावर जाते.

दिसायला सर काटकुळे, उंच, पँट पोटाच्या बरीच वर. शर्ट कायम पूर्ण बाहीचा, पण डावी बाही कोपरापर्यंत दुमडलेली. त्या हाताच्या आतल्या बाजूला चौकोन होते. एकाशेजारी एक, गुळगुळीत, बिनकेसांचे, आमच्या शेतातल्या मेथीच्या वाफ्यांसारखे. त्यांचा उलगडा मला स्टोअरवाल्या चाचांमुळं झाला. त्यांनी मला एकदा दारातच अडवलं.

"मॅडम, एक बात बोलो. तुमारे साब चिकटपट्टी खाते क्या? जब देखो एक रोल दे दो, एक रोल दे दो. इत्ता पॅकिंग तो अपने कारखाने में बी नई होता."

सर चिकटपट्टी खात नव्हते, हाताला लावत होते. लावायची, दाबायची, खर्रकन ओढायची. पुन्हा त्याच जागी. प्रत्येक पट्टीबरोबर कातडीचा वरचा पापुद्रा निघत जातो, आणि तो बराच निघाला की आतलं पाणी हवेत उडायला लागतं. मग ते उडणारं पाणी यंत्रावर मोजायचं, त्या चौकोनाला मलम लावायचं आणि कातडी स्वतःची डागडुजी किती लवकर करते ते बघत बसायचं. हे सगळं करायला सशाचं किंवा पैसे घेऊन येणाऱ्या माणसाचं अंग त्यांना चालत नसे. "माझा हात घरचाच आहे," म्हणायचे.

त्वचेचा अगदी वरचा थर, कागदाहूनही पातळ, हा त्यांचा संसार होता. त्यातल्या पेशी मेलेल्या असतात. मेलेल्या, चपट्या, एकावर एक. लोकांना वाटतं, मेलेलं म्हणजे फेकायचं. सर म्हणत, हे मेलेलेच आपल्याला जिवंत ठेवतात, ते नसते तर मराठवाड्याच्या उन्हात माणूस दुपारपर्यंत वाळून गेला असता. पण खरी गंमत त्या पेशींत नव्हती, त्यांच्या मधल्या फटींत होती. तिथं स्निग्ध द्रव्यं असतात, आणि ती नुसती माखलेली नसतात, रचलेली असतात. हे सांगायला सरांच्या खिशात भिंगाबरोबर काड्यापेटी असायची. बिडी-सिगारेटला त्यांनी आयुष्यात हात लावला नाही, त्यामुळं नवख्या माणसाचा गैरसमज व्हायचा. कॅन्टीनच्या टेबलावर ते काड्या मांडायचे. गुल एका बाजूला, शेपट्या दुसऱ्या बाजूला, सगळ्या एकमेकींना खेटून. मग शेपटीला शेपटी लावून दुसरी रांग. त्यावर तिसरी. लांब काडी म्हणजे सिरामाइड, जरा आखूड म्हणजे फॅटी ॲसिड, आणि मधल्या पोकळीत खोचलेला बुटका जाड तुकडा म्हणजे कोलेस्टेरॉल. तिघं मिळून अशी घट्ट बसतात की पाण्याला बाहेर पडायला वाट म्हणून सापडत नाही.

"आता हा बुटका काढा," ते म्हणायचे. काढला की काड्या कलंडायच्या.

"बघितलंत? नुसतं असून भागत नाही. ओळीत उभं राहावं लागतं."

हे शेवटचं वाक्य ते कुठंही वापरायचे. कॅन्टीनमध्ये ढकलाढकली झाली की, पेट्रोलपंपावर कोणी मधे घुसलं की, लग्नाच्या पंगतीतही. एकदा कारखान्यातून औरंगपुऱ्याला आम्ही एका रिक्षातून चाललो होतो. रिक्षावाल्याच्या टाचा फुटलेल्या होत्या. झालं. जालना रोडभर सरांनी त्याला तीन द्रव्यांची कहाणी सांगितली, आणि सिग्नलला रिक्षा थांबल्यावर सीटवर काड्याही मांडल्या. तो बिचारा आधी मान डोलवत होता. उतरायची जागा आली तरी सरांचं चालूच.

"साब, उतरना है के नई? पीछे लाइन लगी है."

"लाइन लागलीच पाहिजे," सर म्हणाले. "तेच तर सांगतोय."

आम्ही हसायचो. कारखान्यात त्यांच्यावर हसण्यासारखं पुष्कळ होतं. सगळ्यात जास्त हसू यायचं ते पाण्याच्या दिवशी. आमच्याकडं नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे घरोघरी धांदल. ड्रम भरायचे, टाकी भरायची, साठलेलं धुणं, चादरी, पडदे, पितळेचे डबे, सगळं त्याच दिवशी. बायकांचे हात सकाळपासून पाण्यात. सरांच्या गल्लीत पाणी यायचं त्या दिवशी सर अर्धी रजा टाकायचे आणि विचारलं तर उघड सांगायचे, "धुणं आहे." बॉयलरवाले, पॅकिंगच्या बायका, सगळे गालातल्या गालात हसत.

"काकूंनी बरं कामाला लावलंय सर तुम्हाला," मी एकदा बोलून गेले.

"उलट आहे. मीच तिला कामावरून काढलंय," ते म्हणाले.

मला तो विनोद वाटला. नंतर एका शनिवारी ते चष्मा लॅबमध्ये विसरले म्हणून तो द्यायला मी औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या घरी गेले. खाली दुकानं, वर उभा जिना, वर दोन खोल्या. सर मोरीत उकिडवे बसून पातेलं घासत होते, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. काकू पलंगावर बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर ठेवलेले, जणू ते त्यांचे नाहीतच, कोणीतरी सांभाळायला दिलेत. बोटांच्या टोकांना आणि पेरांवर चिरा होत्या, लाल, कोरड्या. मी बघतेय हे त्यांना कळलं. त्यांनी हात लपवले नाहीत.

काकू पैठणच्या. पैठणीचं रफू करायच्या. जुनी साडी कुठं विरलेली, उंदरानं कुरतडलेली, पदराची जर निसटलेली, औरंगपुऱ्यातल्या दुकानांतून त्यांच्याकडं यायची. त्या एकेक धागा उचलून असा भरायच्या की साडी फाटली कुठं होती ते खुद्द मालकिणीला सापडू नये. हे मला शेजारणीनं सांगितलं, काकूंनी नाही. काकूंनी फक्त उशाजवळचा एक रेशमी तुकडा उचलला आणि त्यावरून बोट फिरवलं. बारीक करकर झाली. बोट उचललं तर त्याबरोबर एक तंतू वर आला.

"बघ. हात लावला की रेशीम धरतंय. धरलं की ओढतंय. लोकांच्या आजीच्या साड्या असत्यात बाई, माझ्या हातानं फाटल्या तर काय तोंड दाखवू?"

"पण सर इतकं संशोधन करतात..."

"ते करतात ना. मला फक्त नको म्हणतात. मोहरीचं तेल नको, ऑलिव्हचं नको, लिंबू नको, शेजारीण कोरफड घेऊन आली तर ती पण नको. का नको विचारलं तर म्हणतात, नंतर सांगतो. ते नंतर काही येत नाही."

मोरीतून पातेल्याचा आवाज थांबला होता. काकू हसल्या, मीही हसले. मला वाटलं, नवऱ्याची थट्टा चाललीय. जो माणूस रिक्षावाल्याला सोडत नाही त्याच्या घरात हे सगळं पाठ असणार, हे मी धरूनच चालले होते.

तसं नव्हतं. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. सरांचे वडील मास्तर होते. घरातही मास्तरच. जेवताना, झोपताना, आईला भाजी निवडताना गाठून ते समजावून सांगायचे, पोटतिडकीनं, तासन्‌तास. "आईनं आयुष्यभर मान डोलवली," सर म्हणाले होते. "ऐकायचंय का, असं तिला एकदाही कोणी विचारलं नाही. मी ठरवलं होतं, मी बायकोला शिकवणार नाही." केवढा चांगला विचार. अजूनही आठवला की मला त्या चांगुलपणाचाच राग येतो.

मुंबईहून मार्केटिंगचे साहेब आले ती बैठक कारखान्यात बरेच दिवस गाजली. सरांच्या तिन्ही द्रव्यांच्या मलमावर कंपनी खूश होती. फक्त एक अडचण होती.

"सर, ट्यूबवर कोलेस्टेरॉल असं छापायचं?" साहेब म्हणाले. "लोक चेहऱ्याला लावतील की हार्टच्या डॉक्टरकडे पळतील? ते तेवढं काढून टाकू. बाकी दोन आहेतच की."

सरांनी त्या चकचकीत टेबलावर काड्या मांडल्या. "एकतर तिन्ही हवीत, नाहीतर एकही नको. दोनच घातलीत तर कातडी जी डागडुजी स्वतः करत असते तीसुद्धा नीट होत नाही. काहीच न लावलेल्या चौकोनाहून वाईट. हे बघा," आणि त्यांनी हात पुढं केला.

साहेबांनी हातावरच्या त्या वाफ्यांकडं पाहिलं आणि अदबीनं चहा मागवला. "लावल्यावर मऊ तर वाटतं ना सर?"

"वाटतं."

"मग झालं."

आणि खरंच झालं. गुलाबाचा वास, सोनेरी अक्षरं, दोन द्रव्यं. ट्यूब बाजारात आली, खपलीही. सरांनी नोकरी सोडली नाही, आरडाओरडा केला नाही. लॅबच्या कोपऱ्यात स्टीलच्या वाटीत त्यांनी स्वतःचं तीन द्रव्यांचं मलम करायला घेतलं. ते कोणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. त्यांच्या हातावर ते उत्तम चाललं. मी म्हटलं, "सर, काकूंना द्या की आता."

"माझी कातडी आणि तिची एक नाही हो. तिच्या रांगा मुळातच विस्कटलेल्या आहेत. पुण्याच्या लॅबला मलमाचा नमुना पाठवलाय. क्ष-किरणांत दिसतं, थर किती अंतरावर बसलेत ते. एकदा तिथून नीट कळू दे. तोवर तिच्यावर प्रयोग करू? ती काय उंदीर आहे?"

पुण्याहून कळायचं ते कधी स्पष्ट कळत नसे. मग ते प्रमाण बदलायचे, तापमान बदलायचे, पुन्हा नमुना. घरी मात्र धुणं, भांडी, फरशी, सगळं त्यांच्याकडं. पाण्यापासून लांब राहून काकूंचे हात थोडे निवत चालले होते. आज वाटतं, तसंच चालू राहिलं असतं तरी पुरलं असतं.

दिवाळीला कंपनी कामगारांना खोका देते. सर दरवर्षी तो गेटवरच वॉचमनला देऊन टाकायचे. त्या वर्षी ते नमुना घेऊन स्वतः पुण्याला गेले होते, म्हणून कंपनीच्या गाडीनं खोका घरी पोचवला. त्यात साबण, अगरबत्ती आणि ती सोनेरी ट्यूब. काकूंनी ट्यूबवर कारखान्याचं नाव वाचलं, हातांच्या भेगांसाठी असं लिहिलेलं वाचलं. त्यांना वाटलं, आलं एकदाचं. इतकी वर्षं हा माणूस ज्याच्यासाठी रात्रंदिवस एक करतोय ते तयार झालं, छापून आलं, आणि संकोची स्वभाव म्हणून तो बोलला नाही. त्यांनी सरांना काही विचारलं नाही. हात बरे झाले की एकदम त्यांच्यासमोर रेशीम धरून दाखवायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. तोवर ट्यूब उशाखाली आणि हात पदराखाली.

त्या सकाळ-संध्याकाळ ते मलम लावत राहिल्या. हातांची आग व्हायला लागली तेव्हा त्यांना बरंच वाटलं. औषध झोंबतंय म्हणजे लागू पडतंय, असं आपल्याकडं कोणीही म्हणेल. थंडी पडली होती, हवा कोरडी ठणठणीत. चिरा खोल गेल्या, बोटं सुजली, टोकांत आतपर्यंत पू झाला. त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, काय लावत होतात? काकू सरांकडं बघून म्हणाल्या, "यांचंच मलम."

दुसऱ्या दिवशी सर लॅबमध्ये आले, ॲप्रन न घालता स्टुलावर बसले. मी चहा आणून ठेवला. त्यांनी घेतला नाही.

"रिक्षावाल्याला सांगितलं हो मी," ते म्हणाले. "तुम्ही होतात ना?"

"होते सर."

"त्या मुंबईच्या माणसाला सांगितलं. कॅन्टीनच्या पोरांना सांगितलं. तिला नाही सांगितलं."

असल्या वेळी माणूस काहीतरी बोलतो, तसं मी म्हटलं, तुमचा काय दोष, कंपनीनं ऐकलं नाही. त्यांनी मान हलवली. कंपनीशी त्यांचं भांडण संपलेलं होतं, हे त्यांच्याकडं बघून कळत होतं.

त्यानंतर चिकटपट्टीचे रोल बंद झाले. स्टोअरवाल्या चाचांनीच मला विचारलं, साब की तबीयत तो ठीक है ना? डाव्या हातावर हळूहळू केस उगवले. पुण्याच्या उत्तराची वाट न पाहता, डॉक्टरांना विचारून, सरांनी वाटीतलं मलम घरी नेलं. जखमा भरत आल्यावर ते रोज स्वतःच्या हातानं लावू लागले. आणि मलम चांगलं निघालं. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण ते कधी बाजारात आलं नाही आणि आता येणारही नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत काकूंचे हात स्वच्छ झाले. मऊ, सारखे, एक चीर म्हणून नाही.

"तुझ्या आईची पैठणी विरलीय म्हणाली होतीस ना? आण बघू," काकूंनी निरोप पाठवला.

मी रविवारी सकाळी घेऊन गेले. काकूंनी खिडकीशी पाट मांडून ठेवला होता, चष्मा पुसून ठेवला होता, सुया काढल्या होत्या. सर भांडी टाकून दारात येऊन उभे राहिले, मोज्यांतून पाणी निथळतंय. काकूंनी पदर मांडीवर पसरला आणि त्यावरून अख्खा तळहात फिरवला. कसला म्हणून आवाज नाही. पुन्हा फिरवला. एक तंतूही उचलला गेला नाही. सरांचा चेहरा असा फुलला की मी दुसरीकडं बघितलं.

मग काकूंनी विरलेल्या जागी एक धागा चिमटीत धरायला बोटं टेकवली. सोडली. पुन्हा टेकवली. वाकून बघितलं, परत धरलं, परत सुटलं. बोटं एकमेकांवर चोळून पाहिली, जिथं पू होऊन भेगा भरून आल्या होत्या ती टोकं.

"काय झालं गं?" सर म्हणाले.

"अडकत नाही," काकू म्हणाल्या. पुन्हा चिमूट टेकवून म्हणाल्या, "पण कळत पण नाही. एक धरलाय का दोन, काही कळतच नाही हाताला."

सर मोजे न काढताच त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. मग मोजे काढले. काकूंचा हात त्यांनी आपल्या हातात पालथा घेतला आणि सांगायला सुरुवात केली. वरचा थर, मेलेल्या पेशी, मधल्या फटी, तीन द्रव्यं, त्यांच्या रांगा. जे त्यांनी साऱ्या गावाला सांगितलं होतं ते सगळं, पण इतकं सावकाश आणि इतक्या साध्या शब्दांत मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. काकू ऐकत होत्या. मान डोलवत नव्हत्या, नीट ऐकत होत्या. मधेच एक-दोनदा थांबवून त्यांनी विचारलं, तिघांतला एक नसला तर बाकीच्या दोघांचं काय होतं? सरांनी सांगितलं.

"म्हणजे त्या ट्यूबमध्ये तो तिसरा नव्हता."

"नव्हता."

"आणि तुम्हाला ते आधीपासून ठाऊक होतं."

"हो."

काकूंनी आईच्या पैठणीची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"एवढंच होतं व्हय," त्या म्हणाल्या. "मला कळलं असतं की हो."